पाणथळ जागा यादीत नसेल तर कायदा तिला ओळखतच नाही

पाणथळ जागा एका रात्रीत बुजत नाही. उरण, पनवेल, नवी मुंबई या पट्ट्यात जे राहतात त्यांनी हे बघितलंय, सुरुवात नेहमी पाणी तोडण्यापासून होते. खाडीचं भरतीचं पाणी ज्या उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, किंवा रस्त्याखालच्या पाइपातून आत येतं तिथे आधी माती पडते, कधी रस्त्याच्या कामात तर कधी मुद्दाम, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही कारण लांबून तळं तसंच दिसत असतं. मग हळूहळू पाणी आटतं, काठावरची तिवरं पिवळी पडायला लागतात, चिखलाला भेगा जातात, खायलाच काही उरलं नाही म्हटल्यावर पक्षी यायचे थांबतात, आणि त्यानंतर रात्रीचे डेब्रिजचे डम्पर सुरू होतात. पुढे कुणी तक्रार केलीच तर उत्तर तयार असतं, बघा साहेब इथे पाणी कुठेय, ही तर पडीक जमीन.

आणि मग सरकारी ऑफिसात पहिला प्रश्न येतो तो असा की ही जागा यादीत आहे का? तिथे पाणी आहे का, पक्षी आहेत का, मासे आहेत का हे नंतर, आधी यादी. या एका प्रश्नावर सगळं अडतं, म्हणून हा लेख त्या यादीबद्दलच आहे, ती कोण करतं, कशी करतं, आणि त्यात राज्य सरकार, महापालिका, ग्रामपंचायत यांचा हात किती ते जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगतो.

आधी पाणथळ म्हणजे काय ते. १९७१ साली इराणमधल्या रामसर गावी एक आंतरराष्ट्रीय करार झाला, २ फेब्रुवारीला, म्हणूनच त्या तारखेला पाणथळ दिवस असतो. त्या कराराची व्याख्या फार मोठी आहे, दलदल, तळं, खाजण, खाडीचा चिखल, नैसर्गिक असो की माणसाने केलेलं, बारमाही असो की फक्त पावसाळ्यात भरणारं, गोडं पाणी असो की खारं, आणि समुद्राकडे ओहोटीच्या वेळी सहा मीटरपेक्षा जास्त खोल नसलेलं पाणीसुद्धा त्यात धरलंय. थोडक्यात जिथे पाणी आणि जमीन एकमेकांत मिसळलेली आहेत अशी बहुतेक जागा.

याचा आपल्याला काय उपयोग, असं विचारणारे असतात, त्यांना २६ जुलै २००५ आठवायला सांगावं. मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यातच भरती, आणि जे पाणी पूर्वी मिठी नदीच्या काठच्या खाजणात पसरलं असतं ते घरांत शिरलं. पाणथळ जागा पुराचं पाणी अडवून धरते, विहिरींना पाझर देते, माशांची पिल्लं तिथेच वाढतात. हे सगळं फुकट होत असतं म्हणून त्याची किंमत कुठल्या बजेटमध्ये दिसत नाही.

आता कायदा. आपल्या घटनेत पाणी, जमीन आणि मासेमारी हे तिन्ही विषय मुळात राज्याच्या सूचीत आहेत, पण पाणथळ जागांचे नियम मात्र केंद्राने केलेत, १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली. पहिले नियम २०१० चे, त्यात दिल्लीला एक केंद्रीय प्राधिकरण होतं. मग २६ सप्टेंबर २०१७ ला नवे नियम आले आणि जबाबदारी राज्यांकडे दिली. प्रत्येक राज्यात एक पाणथळ जागा प्राधिकरण, अध्यक्ष पर्यावरण किंवा वनमंत्री, उपाध्यक्ष मुख्य सचिव, शिवाय पाणथळ परिसंस्था, जलविज्ञान, मत्स्यव्यवसाय वगैरे विषयांतला एकेक तज्ज्ञ. केंद्रात राहिली ती सल्ला देणारी समिती. मला स्वतःला हे बदललेलं तत्त्व पटतं, कारण गोंदियातलं तळं दिल्लीहून कसं सांभाळणार, पण अधिकार दिले म्हणजे काम होतंच असं नाही ना.

नियम ४ मध्ये काय करायचं नाही ते स्पष्ट लिहिलंय आणि ते बऱ्यापैकी कडक आहे. पाणथळ जागेचा वापर बदलायचा नाही, अतिक्रमण नाही, नवा उद्योग नाही आणि असलेला वाढवायचा नाही, कचरा आणि बांधकामाचा राडारोडा टाकायचा नाही, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडायचं नाही मग ते कारखान्याचं असो, शहराचं असो की गावाचं, शिकार नाही. आणि मागच्या दहा वर्षांतली पुराची जी सरासरी रेषा असेल तिथपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम नाही, फक्त बोटीच्या धक्क्याला सूट.

वाचून वाटतं झालं की मग, आणखी काय पाहिजे. पण हे सगळं लागू होतं ते दोनच प्रकारच्या जागांना, एक म्हणजे त्या रामसर कराराखालच्या आंतरराष्ट्रीय यादीतल्या आणि दुसऱ्या म्हणजे केंद्राने किंवा राज्याने अधिसूचना काढून जाहीर केलेल्या. बाकीच्यांना या नियमांनी आपोआप काहीच मिळत नाही.

त्यात व्याख्येतूनच बरंच काही वगळलंय. नदीचं पात्र नाही, भातखाचरं नाहीत, पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव नाहीत, आणि मत्स्यशेती, मीठ, करमणूक किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेलं बांधकाम नाही. हे शेवटचं वाक्य महाराष्ट्राला फार महागात पडतं. भंडारा-गोंदियाकडचे मामा तलाव घ्या, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, मालगुजारांच्या काळात शेतीला पाणी मिळावं म्हणून बांधलेले. पिढ्यान्‌पिढ्या पाणी साठून त्यांची खरीखुरी पाणथळ झालीये, गोंदियात या तलावांवर आणि आजूबाजूच्या धानाच्या बांध्यांत सारस राहतो, ढिवर समाजाची मासेमारी याच तलावांवर चालते. त्या भागात ढिवर बायकांनी तलावातली बेशरम, हे माजलेलं तण, उपटून काढलीये, कमरेएवढ्या पाण्यात उतरून, आणि मग तळाशी वाढणाऱ्या देशी पाणवनस्पती लावल्यात कारण त्यांच्यातच मासे अंडी घालतात. आता कायद्याच्या भाषेत तो तलाव काय, तर सिंचनाचं बांधकाम. भिगवणला ज्या उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला आपण जातो तेही सिंचनाचंच धरण. आणि गंमत नाही पण विसंगती बघा, निफाड तालुक्यातलं नांदूरमधमेश्वर, आपल्या राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, तेसुद्धा गोदावरीवर बांधलेल्या बंधाऱ्यामुळेच तयार झालंय. म्हणजे माणसाने बांधलेल्या पाण्याची पाणथळ होते हे जगाने मान्य केलंय, फक्त आपल्या नियमाने त्यासाठी दार बंद ठेवलंय.

महाराष्ट्रात अशी रामसर स्थळं मोजकी, नांदूरमधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी. तिन्ही ठिकाणी आधीपासून अभयारण्य होतं. मला त्या दर्जाचा आनंदच आहे पण एक खटकतं की ज्यांच्यावर आधीच छत्र होतं त्यांनाच दुसरं छत्र मिळालं, उघड्यावरची तळी तशीच उघडी.

बरं, खाडीकाठच्या जागा सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारपट्टीच्या नियमांच्या क्षेत्रात येतात, जंगलातल्या वन कायद्यात येतात, अभयारण्यातल्या वन्यजीव कायद्यात, म्हणून त्या या नियमांच्या बाहेर ठेवल्यात. कागदावर हे बरोबर आहे, एकाच जागेला दोन-दोन कायदे नकोत. पण तक्रार करणाऱ्या माणसाचे हाल होतात, पर्यावरण विभाग म्हणतो किनारा प्राधिकरणाकडे जा, ते म्हणतात वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे जा, कक्ष म्हणतो जमीन आमच्या ताब्यात नाही तहसीलदाराला भेटा, आणि तोवर भराव दोन फूट वर येतो.

आता यादी कशी बनते ते. इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राने उपग्रहाच्या फोटोंवरून देशभरच्या पाणथळ जागांचा नकाशासंग्रह केला, २०११ साली आला, त्यात २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या २,०१,५०३ जागा निघाल्या. हा २.२५ चा आकडा कुठून आला? तर नकाशाच्या स्केलमधून. नकाशा १:५०,००० चा, त्यावर तीन मिलिमीटर बाय तीन मिलिमीटरपेक्षा छोटा आकार धड काढता येत नाही, आणि जमिनीवर ते होतात १५० बाय १५० मीटर, म्हणजे बरोबर २.२५ हेक्टर, साडेपाच एकर. म्हणजे बेडकाला, माशाला, विहिरीला या आकड्याशी काही देणंघेणं नाही, ही फक्त नकाशा काढायची मर्यादा होती, आणि पुढे तीच संरक्षणाची सीमा होऊन बसली. त्याहून छोट्या साडेपाच लाखांवर जागा त्याच संग्रहात नुसते ठिपके म्हणून आहेत. गावतळी, देवराईतली कुंडं, सड्यावरची म्हणजे कातळपठारावरची पावसाळी डबकी हे सगळं त्या ठिपक्यांत, किंवा तेवढंही नाही.

फेब्रुवारी २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने एम. के. बालकृष्णन खटल्यात सांगितलं की या २,०१,५०३ जागांना २०१० च्या नियम ४ मधल्या तत्त्वांप्रमाणे संरक्षण द्या, अधिसूचना निघाली असो वा नसो. हा आदेश फार मोलाचा आहे, कारण नियमात जी फट आहे ती त्याने बऱ्याच अंशी बुजवली. नंतर नवा नकाशासंग्रह आला, त्यात संख्या २,३१,१९५ झाली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये कोर्टाने राज्यांना सांगितलं की या प्रत्येक जागेवर प्रत्यक्ष जाऊन पडताळणी करा आणि हद्द आखा, तीन महिन्यांत. आता जरा मागे जाऊन बघा, २०१७ च्या नियमांतच लिहिलं होतं की राज्य प्राधिकरणाने तीन महिन्यांत सगळ्या पाणथळ जागांची यादी करायची, सहा महिन्यांत कुठल्या अधिसूचित करायच्या ते ठरवायचं, वर्षभरात डिजिटल नोंदवही. सात वर्षांनीही कोर्टाला हद्दी आखा म्हणून सांगावं लागतं यात सगळं आलं.

हद्द का महत्त्वाची, तर उपग्रहाच्या नकाशात सर्व्हे नंबर नसतो. आपल्याकडे जमिनीचं खरं सातबाऱ्यावर ठरतं, आणि तिथे ही जागा पोटखराबा म्हणून असते, खाजण म्हणून, गायरान म्हणून, नाहीतर कुणाच्या तरी नावावर सरळ शेतजमीन म्हणून. जोवर अमुक गट नंबरचा एवढा भाग पाणथळ असं महसूलच्या नकाशावर चढत नाही तोवर तलाठ्याला ती दिसत नाही, बांधकामाची परवानगी देणाऱ्या इंजिनियरला दिसत नाही, जमीन घेणाऱ्यालाही दिसत नाही. बंगालने हे नीट केलं. पूर्व कोलकात्याची पाणथळ, सुमारे १२,५०० हेक्टर, शहराचं सांडपाणी तिथल्या उथळ तळ्यांत जातं, ऊन आणि शेवाळ ते स्वच्छ करतं, आणि त्याच पाण्यावर हजारो कुटुंबं मासे आणि भाजी पिकवतात. २००६ साली राज्याने तिच्यासाठी वेगळा कायदाच केला आणि त्याच्या परिशिष्टात मौजे आणि प्लॉट नंबर लिहून टाकले. तरी तिथे भराव पडतोच, पण निदान ही जागा त्यात येते की नाही यावर वाद घालत बसावं लागत नाही.

केरळचं उदाहरण मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं, चांगल्या आणि वाईट दोन्ही अर्थांनी. २००८ साली त्यांनी भातजमीन आणि पाणथळ जागा संरक्षणाचा कायदा केला आणि नजर ठेवायचं काम थेट गावात दिलं. प्रत्येक पंचायतीत किंवा नगरपालिकेत एक समिती, पंचायतीचा अध्यक्ष तिचा प्रमुख, कृषी अधिकारी, ग्राम अधिकारी आणि तीन शेतकरी. या समितीने आपल्या हद्दीतल्या भातजमिनीची आणि पाणथळीची डेटा बँक करायची. कल्पना चांगली होती, कारण कुठे पाणी साठतं हे गावातल्या शेतकऱ्याइतकं उपग्रहाला कळत नाही. पण डेटा बँक बनता बनता वर्षं गेली, चुका राहिल्या, कोरडी जागा आत आणि ओली बाहेर असंही झालं, आणि २०१८ च्या दुरुस्तीने असं ठरलं की जी जमीन डेटा बँकेत नाही तिचा वापर फी भरून बदलता येईल. म्हणजे पुन्हा फिरून यादीच. यादीत नाव नसलं की संरक्षण जातं, आणि वर ते पैसे भरून कायदेशीर होतं, त्यामुळे यादी घाईत आणि अर्धवट करणं हे यादी न करण्याहूनही धोक्याचं असू शकतं.

आपल्याकडे गावपातळीला काही अधिकारच नाहीत असं मात्र समजू नका. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पाणी व्यवस्थापन आणि मत्स्यव्यवसाय हे पंचायतींचे विषय आहेत, बाराव्या अनुसूचीत पर्यावरणाचं रक्षण नगरपालिकांचा. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि पालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, कागदावर तरी असतेच, तिचं काम लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे आपल्या भागातल्या जीवजातींची नोंद करायचं. आणि याच कायद्याच्या कलम ३७ खाली राज्य सरकार स्थानिक संस्थांशी बोलून एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर करू शकतं. आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात माशाची एक नवी जात सापडली, शिस्टुरा हिरण्यकेशी, बोटाएवढा मासा, आणि २०२१ मध्ये तो २.११ हेक्टरचा परिसर वारसा स्थळ झाला. आकडा परत वाचा, २.११. उपग्रहाच्या चाळणीतून जी जागा खाली गळली असती ती या वाटेने वाचली. छोट्या पाणथळींसाठी हा रस्ता खूप कमी वापरला जातो, आणि मला वाटतं आपली खरी संधी तिथेच आहे.

शहरात खेळ विकास आराखड्याचा, म्हणजे डीपीचा. एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याखाली पालिका प्रारूप आराखडा प्रसिद्ध करते, हरकती-सूचना मागवते आणि मग सुनावणी होते. पाणथळ जागा तिथे ना विकास क्षेत्र म्हणून दाखवली की जलाशय म्हणून की निवासी म्हणून, यावर पुढची वीस वर्षं ठरतात. एकदा का रंग निवासीचा लागला की नंतर मोर्चे काढून, कोर्टात जाऊन फार थोडं हाती लागतं, कारण समोरचा माणूस म्हणतो मी आराखडा बघूनच जमीन घेतली, आणि त्याच्या बाजूनेही ते खरं असतं. म्हणून हरकतीची मुदत चुकवू नका, एवढं एक केलं तरी खूप.

गावात पाणथळ जाहीर व्हायला विरोध का होतो हेही समजून घ्यायला हवं, उगाच लोकांना नावं ठेवून काही होत नाही. लोकांना भीती असते की आता मासेमारी बंद होणार, गुरं पाण्यावर नेता येणार नाहीत, जमीन सरकारजमा होणार. अभयारण्याचे अनुभव गाठीशी असतात त्यामुळे भीती खोटी नाही. पण २०१७ च्या नियमांचा पाया शहाणपणाने वापर हा आहे, वापरबंदी नाही. पाणथळीचं रूप टिकेल असा पारंपरिक वापर चालू ठेवायला त्यात जागा आहे, आणि अधिसूचनेआधी मसुदा प्रसिद्ध होऊन बाधित लोकांच्या हरकती ऐकायच्या असतात, प्राधिकरणाने शिफारस केल्यापासून २४० दिवसांत अंतिम अधिसूचना काढायची असते. हे ग्रामसभेत कुणी समजावून सांगतच नाही, नोटीस चिकटवली की काम संपलं, आणि मग अफवांचं राज्य.

शिक्षेबद्दल थोडक्यात. पूर्वी पर्यावरण संरक्षण कायदा मोडला तर पाच वर्षांपर्यंत कैद होती. जनविश्वास कायद्याने ते बदललं, १ एप्रिल २०२४ पासून दंड, १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत. ज्या जमिनीचा भाव कोटींत जातो तिथे १५ लाख हा दंड वाटत नाही, खर्च वाटतो. त्यामुळे भराव काढून जागा पूर्ववत करा असा आदेश मिळवणं हे दंडापेक्षा जास्त महत्त्वाचं झालंय.

तक्रार कुठे करायची, तर कोकणात मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशातून झालेली पाणथळ जागा तक्रार निवारण समिती आहे, विभागीय आयुक्त तिचे प्रमुख. कांदळवन असेल तर कांदळवन कक्ष, आणि त्याच न्यायालयाचा १७ सप्टेंबर २०१८ चा निकाल सोबत जोडावा, त्यात कांदळवन नष्ट करणं हा जगण्याच्या हक्काचा भंग म्हटलंय. इतर जिल्ह्यांत जिल्हाधिकारी आणि राज्य प्राधिकरण, पुढे हरित लवाद. तक्रारीत भावना कमी आणि गट नंबर जास्त असू द्या, अक्षांश-रेखांश, तारीख दिसणारे फोटो, गूगल अर्थवर त्याच जागेची जुनी चित्रं मिळतात ती वर्षवार लावून, नकाशासंग्रहात ती जागा असेल तर ते पान, आणि पाणी कुठून येत होतं ती उघाडी किंवा पाइप आज कसा बंद आहे त्याचा जवळून काढलेला फोटो. हा शेवटचा फोटो बहुतेक लोक विसरतात आणि नेमकं तिथेच प्रकरण ढिलं पडतं.

मग संयुक्त पाहणी लागते. तारीख आधी कळवा असं लेखी मागा, स्वतः हजर राहा, जमलं तर गावातला एखादा म्हातारा मासेमार सोबत न्या, पंचनाम्यात त्याचं म्हणणं लिहून घ्यायला लावा आणि सही करण्याआधी पूर्ण वाचा. आणि पाहणी एप्रिल-मेमध्ये ठेवली असेल, जागा कोरडी ठाक असेल, तर तिथल्या तिथे लिहून द्या की पावसाळ्यात दुसरी पाहणी करा, कारण २०१७ च्या व्याख्येत तात्पुरतं पाणी साठणारी जागाही पाणथळच धरलीये.